फाइलीचं घड्याळ मोजता, फाइल बघणारी माणसंही मोजा: विमा नियामकांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

सप्रेम नमस्कार,

मी डॉक्टर आहे, बीएचएमएस. पण गेली नऊ वर्षं एकाही पेशंटला हात लावून तपासलेलं नाही. ठाण्यात एका मोठ्या विमा कंपनीच्या हेल्थ क्लेम विभागात बसते, म्हणजे तुमचा माणूस हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट झाला आणि हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून, म्हणजे विम्याचे कागद बघणाऱ्या खिडकीवरून, कॅशलेसचा फॉर्म गेला की तो जिथे येऊन पडतो तिथे. आमच्या फ्लोअरवर निम्म्याहून जास्त जण माझ्यासारखेच, बीएएमएस नाहीतर बीएचएमएस, लातूर, नांदेड, बुलढाणा, सांगली इकडून आलेले, मी स्वतः जळगाव जिल्ह्यातली. क्लिनिक टाकायला भांडवल नव्हतं, हॉस्पिटलमध्ये आरएमओ म्हणून रात्र रात्र काढून हातात काय पडतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहिती, आणि इथे महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ, सॅलरी स्लिप, ज्यावर डोंबिवलीत वन बीएचकेचं लोन झालं. म्हणून आलो. कुणी जबरदस्तीने आणलं नाही.

पत्र मराठीत लिहितेय कारण ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं मराठीत बोलतात, आणि फ्लोअरवरच्या माझ्या लोकांनीही ते वाचावं असं मला वाटतं. तुमच्याकडे कुणीतरी वाचून दाखवेल याची खात्री आहे.

मुद्दा एकच आहे आणि तो आधीच सांगून टाकते. २९ मे २०२४ ला तुम्ही हेल्थ इन्शुरन्सचं मास्टर सर्क्युलर काढलंत. त्यात लिहिलंय की कॅशलेसच्या रिक्वेस्टवर एका तासात निर्णय द्यायचा, आणि डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलकडून फायनल बिल आलं की तीन तासांत अप्रूव्हल द्यायचं, पेशंटला ताटकळत ठेवायचं नाही, आणि तीन तासांच्या वर उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे, तेही शेअरहोल्डरच्या फंडातून, म्हणजे कंपनीच्या मालकांच्या पैशातून, पॉलिसीवाल्यांच्या नाही. हा नियम चांगला आहे, मनापासून सांगते. डिस्चार्ज सकाळी दहाला सांगितलाय आणि संध्याकाळी सातपर्यंत पेशंट कपडे करून बेडवर बसलाय, हे मी माझ्या आत्याच्या वेळी बघितलंय, त्यामुळे हा नियम वाचला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. पण तो तास पाळायला समोर माणसं किती बसलीयेत, एका माणसाच्या वाट्याला एका शिफ्टमध्ये किती फाइली येतात, हे कुणी विचारत नाही. सर्क्युलरमध्ये घड्याळ फाइलीला लावलंय. फाइल बघणाऱ्याच्या हातात किती मिनिटं येतात हे कुठेच लिहिलेलं नाही.

आता हे काम नक्की कसं चालतं ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं की आम्ही बसून क्लेम कसा नाकारायचा याचाच विचार करत असतो. समोर दोन स्क्रीन असतात. डावीकडे क्यू, म्हणजे येणाऱ्या फाइलींची रांग, प्रत्येक फाइलीपुढे उरलेला वेळ उलटा पळत असतो, आधी हिरवा, मग पिवळा, मग लाल. याला आम्ही टॅट म्हणतो, फ्लोअरवर दिवसभर हाच शब्द ऐकू येतो, टॅट जातोय, टॅट वाचव, टॅट गेला. उजवीकडे ती फाइल उघडायची, स्कॅन केलेली तीस-चाळीस पानं, कधी उलटी, कधी आडवी, कधी मोबाइलवर फोटो काढून पाठवलेली ज्यात डॉक्टरच्या अक्षरावर ट्यूबलाइटची चमक पडलीय. त्यात बघायचं काय काय, तर पॉलिसी चालू आहे का, वेटिंग पीरियड (पॉलिसी घेतल्यावर काही आजारांसाठी थांबायचा काळ) संपलाय का, आजार आधीचा आहे का, केलेली ट्रीटमेंट त्या आजाराला धरून आहे का, रूमचं भाडं लिमिटमध्ये आहे का, हॉस्पिटलचा ठरलेला रेट काय आणि बिल किती, मग फार्मसीची बिलं एकेक ओळ वाचून ग्लोव्हज, मास्क, किडनी ट्रे, थर्मामीटर, डायपर असलं जे न देण्याच्या यादीत आहे, ६८ वस्तूंची ती यादी, ते कापायचं, आणि कापल्याचं कारण प्रत्येक ओळीपुढे टाकायचं. साधी फाइल असली आणि मी घाई केली नाही तर मला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. गुंतागुंतीची असेल, म्हणजे आयसीयू, किडनी, अपघात, तर पाऊण तास. हे मी नऊ वर्षांच्या हाताने सांगतेय, नवीन पोराला याच्या दुप्पट लागतो.

आणि मला मिळतात साधारण सहा मिनिटं. रोजच्या फाइली आणि शिफ्टचे तास, जेवणाची अर्धा तास सुट्टी वगळून, भागाकार केला की एवढंच येतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, लोकांनी पॉलिसी घेतल्या, चांगलंच झालं, घ्यायलाच हव्यात. आमच्याकडे फाइली वाढल्या, खुर्च्या तेवढ्याच राहिल्या, उलट दोघी मॅटर्निटीवर गेल्या त्यांच्या जागी कुणी आलं नाही.

मग सहा मिनिटांत वीस मिनिटांचं काम कसं होतं? होत नाही. घड्याळ थांबवलं जातं.

ते कसं थांबतं ते मला तुम्हाला सांगायचंय, कारण तुमच्याकडे जे आकडे पोचतात त्यात हे दिसत नसणार. फाइल लाल व्हायला आली की हॉस्पिटलला एक क्वेरी टाकायची. अमुक कागद पाठवा, तमुकचं ब्रेकअप, म्हणजे ओळीओळीचा हिशोब, पाठवा, आयसीपी पाठवा, म्हणजे वॉर्डमधले केसपेपर. क्वेरी टाकली की आमच्याकडचं घड्याळ थांबतं, चेंडू हॉस्पिटलच्या कोर्टात, आणि उत्तर आलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. बऱ्याच क्वेरी खऱ्या असतात, कागद खरंच आलेला नसतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काही क्वेरी फक्त घड्याळ थांबवायला असतात, आणि तसल्या क्वेरी मी स्वतः टाकल्यात. मला कुणी लेखी सांगितलेलं नाही, लेखी कुणीच सांगत नाही, टीम लीडचा चॅटवर मेसेज येतो, "लाल होतेय, काहीतरी टाक." तोही वरून दाबलेलाच असतो बिचारा, संध्याकाळी त्याला आमचा टॅटचा टक्का वर पाठवायचा असतो.

एक फाइल मी विसरू शकत नाही. मागच्या दिवाळीच्या आधीचा आठवडा. मिरजेच्या एका हॉस्पिटलची, पेशंट जत तालुक्यातल्या एक काकू, पित्ताशयात खडे, दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं, सगळं व्यवस्थित, पॉलिसीला सहा वर्षं झालेली, म्हणजे तुमच्याच नियमाप्रमाणे ६० महिन्यांचा मोरॅटोरियम पण संपलेला, फ्रॉड सिद्ध झाल्याशिवाय जुन्या आजाराचा प्रश्नच काढता येत नाही. बिल चौऱ्याहत्तर हजारांच्या आसपास. इतक्या सरळ फाइली महिन्यातून मोजक्याच येतात. फायनल बिल आमच्याकडे आलं चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्यासमोर फाइल उघडली गेली सहा बावन्नला, मधला सगळा वेळ ती रांगेत होती. तीन तास संपणार सात दहाला. अठरा मिनिटं, आणि त्याच वेळी माझ्याकडे आणखी तीन फाइली लाल, त्यातली एक हार्टची ज्यात हॉस्पिटलचा माणूस दर पाच मिनिटांनी फोन करत होता.

मी हार्टची आधी घेतली. मग टीम लीडचा मेसेज आला. आणि सात चारला मी त्या काकूंच्या फाइलीवर क्वेरी टाकली, "फार्मसी बिलाचं ब्रेकअप पाठवा." ते ब्रेकअप फाइलीतच होतं. पान नंबर ११. वरवर स्क्रोल करताना मला ते दिसलं होतं. तरी टाकली.

हॉस्पिटलचा डेस्क रात्री आठला बंद झाला, आमची क्वेरी बघून तिथल्या मुलाला काही करता आलं नसणार, त्याने सकाळी नऊ चाळीसला उत्तर पाठवलं, ब्रेकअप कालच जोडलेलं आहे, पान ११ बघावे. सव्वाअकराला अप्रूव्हल गेलं. काकू दुपारी घरी गेल्या असतील. पण जायच्या आधी हॉस्पिटलने एका दिवसाचं रूम आणि नर्सिंगचं जादा बिल लावलं, बावीसशे रुपये, आणि ते आम्ही कापलं, कारण त्या दिवशी पेशंटला हॉस्पिटलमध्ये ठेवायची मेडिकल गरज नव्हती. खरंच नव्हती. काकू आमच्यामुळे राहिल्या होत्या. पण सिस्टिममध्ये उशीर कुणामुळे, तर कागद अपूर्ण होते म्हणून हॉस्पिटलमुळे, त्यामुळे शेअरहोल्डरच्या फंडातून द्यायचा प्रश्नच आला नाही. तीन तासांचा टॅट हिरवा. तुमच्याकडे कधी रिपोर्ट गेला तर त्यात ही फाइल वेळेत झालेली दिसेल.

बावीसशे रुपये त्यांच्या मुलाने भरले. हे मला माहिती आहे कारण आठ दिवसांनी त्याचा मेल तक्रार विभागात आला, मराठीत, मोबाइलवर टाइप केलेला, आणि तक्रार विभागाने तो माझ्याचकडे पाठवला कारण मराठी वाचणारी मी, आणि फाइलही माझीच. तो ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे असं त्याने लिहिलं होतं. शिव्या नव्हत्या, कोर्टात खेचतो वगैरे काही नव्हतं. लिहिलं होतं की आई बरी आहे, कंपनीने ऑपरेशनचे पैसे दिले त्याबद्दल आभारी आहे, फक्त सगळे कागद दिले असताना एक रात्र जास्त का लागली आणि त्याचे पैसे आम्हाला का पडले एवढं सांगावे. खाली आईचं नाव, पॉलिसी नंबर, आणि "उत्तराची वाट पाहतो".

उत्तराचा ठरलेला मजकूर असतो. इंग्रजीत. कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे विलंब झाला, सबब सदर रक्कम देय नाही, अशा अर्थाचा. मी तो मराठीत करून पाठवला, स्वतःच्या हाताने "कागदपत्रांतील त्रुटी" असं टाइप केलं. त्याला पुढे विमा लोकपालाकडे जाता येतं, पुण्यातही ऑफिस आहे, एक पैसा लागत नाही, हे मेलच्या खाली नेहमीप्रमाणे छापलेलं होतं. बावीसशे रुपयांसाठी उसाचा सीझन सोडून तो कुठे जाणार?

मी हे पत्र त्या मेलमुळे लिहितेय.

आता कुणी म्हणेल की तू चूक केलीस तर तू सांभाळ, नियामकांना कशाला मध्ये ओढतेस. चूक माझी आहे, ती मी वर लिहिलीय आणि लपवत नाहीये. पण मी त्या खुर्चीवरून उठले तरी तिथे दुसरं कुणीतरी बसणार, त्यालाही सहाच मिनिटं मिळणार, आणि त्याच्याही समोर लाल आकडा पळणार. आमच्या टीममध्ये एक मुलगी आहे, नांदेडची, बीएएमएस, कामाला लागून सहा महिने झालेत. तिने पहिल्या महिन्यात एकही खोटी क्वेरी टाकली नाही, प्रत्येक फाइल पूर्ण वाचली. महिन्याच्या शेवटी तिचा टॅटचा टक्का टीममध्ये सगळ्यात खाली होता आणि सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं गेलं. आता तिचा टक्का चांगला आहे.

आणि घाईचा फटका फक्त प्रामाणिक पेशंटलाच बसतो असंही नाही. खोटे क्लेम येतात, हेही तेवढंच खरं, आणि लोकांना ते ऐकायला आवडत नाही. पावसाळ्यात मी चार वेगवेगळ्या पेशंटच्या फाइली शेजारी शेजारी लावून बघितल्यात, चौघांना ताप, चौघांच्या टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदीवर, सकाळ-दुपार-संध्याकाळचं टेम्परेचर तंतोतंत तेच, दशांशासकट, आणि चारही चार्टवर एकच अक्षर, एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेलं. हे पकडायला वेळ लागतो. एक फाइल बघताना मागच्या आठवड्यातली दुसरी आठवावी लागते, ती उघडावी लागते, ताडून बघावी लागते. सहा मिनिटांत असलं काही होत नाही, खोटी फाइल कागदाने नीटनेटकी असते म्हणून ती पटकन पास होते, आणि खऱ्या पेशंटची फाइल गोंधळलेली असते, कारण माणूस आजारी असताना कागद कोण सांभाळतं, म्हणून ती अडकते. मग त्या खोट्या क्लेमचा पैसा शेवटी सगळ्यांच्या प्रीमियमवर चढतो.

तसंच कापाकापीचं. रूम रेंटची लिमिट असलेल्या पॉलिसीत, समजा तीन लाखांची पॉलिसी, एक टक्का म्हणजे रोजचे तीन हजार, आणि पेशंटने सहा हजारांची रूम घेतली, तर बाकीचे काही खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जातात. लोकांना वाटतं की फक्त रूमचा फरक भरावा लागेल, तिथेच त्यांचा घात होतो. पण २०२० च्या तुमच्याच गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे की औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही प्रमाणातली कपात लावायची नाही, आयसीयूलाही नाही. आता हे वेगळं काढायचं म्हणजे बिलाच्या ओळी वेगळ्या कराव्या लागतात, आणि घाईत नवीन मुलं सगळ्यालाच लावून टाकतात. मी माझ्या बाजूच्या डेस्कवरून पंचेचाळीस हजारांची असली चूक परत आणलीय, चहा प्यायला उठले होते म्हणून दिसली. त्या पेशंटला कधीच कळलं नसतं, अप्रूव्हलच्या लेटरमधली कपातीची ती ओळ समजेल असा माणूस लाखात एक.

आमच्या सोसायटीत रविवारी दर आठवड्याला कुणी ना कुणी पॉलिसीची पीडीएफ घेऊन येतं, "ताई, जरा बघता का यात काय काय मिळतं." मी सासूबाईंना चहा ठेवायला सांगते आणि बसते, चाळीस मिनिटं, तास, रूम रेंट कुठे लिहिलंय ते दाखवते, वेटिंग पीरियड ३६ महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही हे सांगते, सीआयएस म्हणून दोन-तीन पानांचा सोपा सारांश मिळतो तो मराठीत मागून घ्या म्हणून सांगते. आणि सोमवारी ऑफिसला जाऊन अशाच कुणाची तरी फाइल सहा मिनिटांत उरकते. हे दोन्ही करणारी बाई मीच आहे.

तुम्हाला वाटेल की मी फक्त रडगाणं गातेय, म्हणून एक आठवण सांगते, कारण हे काम नीट होऊ शकतं हे मी डोळ्यांनी बघितलंय. एप्रिल २०२१. दुसरी लाट. आम्ही सगळे घरून काम करत होतो, माझा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, खिडकीतून रात्रभर ॲम्ब्युलन्स ऐकू यायच्या. फाइल उघडावी, एचआरसीटी स्कोअर, म्हणजे फुप्फुसांच्या स्कॅनचा, २५ पैकी १९, २१, वय पस्तीस, चाळीस, आणि अप्रूव्ह करून पुढची उघडेपर्यंत मागच्या फाइलीवर हॉस्पिटलची नोट, पेशंट एक्स्पायर्ड. बेडसाठी लोक गेटवर उभे होते आणि आत बरा झालेला माणूस आमच्या अप्रूव्हलसाठी अडकून बेड अडवून होता. तेव्हा दिल्ली हायकोर्टाने आदेश दिला, आणि लगेच तुम्ही सगळ्या कंपन्यांना कळवलंत की कोविडच्या फाइलीवर एका तासात निर्णय द्या. आणि आम्ही दिला. खोट्या क्वेरी टाकून नाही, खरा निर्णय. कारण कंपनीने दुसऱ्या विभागांतले डॉक्टर आणून क्लेमवर बसवले, पॉलिसी द्यायच्या आधी मेडिकल तपासणारे, ऑडिटवाले, सगळे. डोकी वाढली म्हणून तो तास खरा झाला. नंतर ती माणसं परत गेली, तीही बरोबरच आहे, त्यांचं त्यांचं काम होतं. मग २०२४ ला तोच तास सगळ्या आजारांसाठी कायमचा आला, पण माणसं परत आली नाहीत.

म्हणून मागणं आहे, आणि ते तुमच्या हातातलं आहे. कंपन्यांकडून तुम्ही किती क्लेम आले, किती दिले, किती नाकारले, किती दिवसांत दिले, हे सगळं घेता आणि छापताही. त्यात एक रकाना वाढवा, क्लेम बघणारे डॉक्टर किती आणि एका डॉक्टरमागे रोजच्या फाइली किती. कंपनीवार छापा. लोक पॉलिसी घेताना क्लेम सेटलमेंटचा टक्का बघतात, हाही आकडा बघतील, आणि कुठल्याच कंपनीला त्यात सगळ्यात खाली दिसायचं नाहीये. मला वाटतं, एवढ्या एका रकान्याने जितक्या खुर्च्या वाढतील तितक्या दुसऱ्या कशाने वाढणार नाहीत.

दुसरं, क्वेरीने घड्याळ आपोआप थांबू देऊ नका. मागितलेला कागद पहिल्याच सेटमध्ये होता असं निघालं तर घड्याळ पहिल्यापासून धरा, आणि त्या उशिराचे पैसे त्याच सर्क्युलरप्रमाणे शेअरहोल्डरच्या फंडातून जाऊ द्या. तपासायला अवघड नाही, प्रत्येक क्वेरीला टाइम स्टॅम्प असतो, प्रत्येक पानाला अपलोडची वेळ असते, सगळं सर्व्हरवर आहे, तुमच्या इन्स्पेक्शनच्या टीमने एका महिन्याच्या शंभर क्वेरी उघडल्या तरी चित्र समोर येईल. शेवटच्या दहा मिनिटांत टाकलेल्या क्वेरी आधी उघडा.

नियमाप्रमाणे आता कुठलाही क्लेम तीन जणांच्या कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही, ही तुम्ही केलेली दुसरी चांगली गोष्ट. पण त्या कमिटीसमोर जे जातं ते आमच्यासारख्यांनी सहा मिनिटांत लिहिलेल्या चार ओळी असतात. त्या चार ओळीच घाईत लिहिलेल्या असल्या तर कमिटीने तरी काय बघायचं. आणि कपातीला, जशी बावीसशेची, पंचेचाळीस हजारांची, कमिटी लागत नाही.

आणि एक आमच्यासाठी. पॉलिसी घेतलेल्या माणसाला बीमा भरोसा पोर्टल आहे, लोकपाल आहे. आत बसलेल्या माणसाला काही चुकीचं होताना दिसलं तर त्याने कंपनीच्याच आतल्या मेलवर कळवायचं, आणि तो मेल कोण वाचतं हे फ्लोअरवर सगळ्यांना माहिती असतं. तुमच्याकडे थेट सांगता येईल अशी एक खिडकी आम्हाला द्या, नाव उघड न करता. मी नऊ वर्षांत ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले बरेच जण बोलतील. ती नांदेडची मुलगी नक्की बोलेल.

नाव लिहिलेलं नाही, कारण लोन अजून अकरा वर्षं आहे. पण फाइल खरी आहे. त्या मुलाचा मेल, माझी क्वेरी, सात चारची वेळ आणि पान नंबर ११, सगळं कंपनीच्या सर्व्हरवर जसंच्या तसं आहे, तुमच्या माणसांनी येऊन मागितलं तर मीच काढून देईन. त्याने उत्तराची वाट पाहतो असं लिहिलं होतं, आणि त्याला जे उत्तर गेलंय ते खरं नाही. ते दुरुस्त करायचा अधिकार मला नाही, तुम्हाला आहे.

आपली,
क्लेम विभागातली एक डॉक्टर, ठाणे